सखाराम गणेश पंडित: सरकारने नऊ वर्षांनी परत मागितलेला कागद

वकीलपत्र

गेल्या महिन्यात एका काउंटी कोर्टात माझी तारीख होती. कॅलिफोर्नियात वकिली करायला लागून मला अकरा वर्षं झाली, पण त्या कोर्टात पहिल्यांदाच उभी राहणार होते. दार उघडून आत गेले. बेलिफने माझ्याकडे पाहिलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारच्या खुर्चीकडे हात केला. तिथे दुभाषी बसतात. माझ्या हातात फाइल होती, अंगावर काळा सूट होता, मागोमाग माझा अशील चालत होता. मी म्हटलं, "मी वकील आहे." तो "सॉरी" म्हणाला, अगदी मनापासून. तरी पुकारा झाल्यावर युक्तिवादाचा पहिलाच मुद्दा मला काही क्षण आठवेना. नजर सारखी त्या खुर्चीकडे जात होती.

रात्री घरी आल्यावर एक जुना निकाल काढून पुन्हा वाचला. इथे आल्यापासून मन खाली गेलं की मी तो वाचते. युनायटेड स्टेट्स विरुद्ध पंडित, नववं सर्किट (म्हणजे इथलं केंद्रीय अपील कोर्ट), १९२६. पहिल्यांदा 'सखाराम गणेश' हे नाव वाचलं तेव्हा मी लायब्ररीत होते आणि त्या दिवशी पुढे काही वाचायला सुचलं नव्हतं. या माणसाबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात आलं नाही, म्हणून हा धागा.

पंडित मूळचे अहमदाबादचे. अमेरिकेत आले ते वकील म्हणून नव्हे, ते तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व दिलं. १९१७ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियाची सनद मिळाली. नागरिकत्वाला अपात्र माणसाला तेव्हा इथे वकिली करता येत नसे, म्हणजे त्यांची सनद त्या १९१४ च्या कागदावरच उभी होती. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं.

तो कागद इतका कच्चा का होता, हे सांगायला जरा मागे जावं लागेल. १७९० च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व मिळे ते फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीला'. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियाई माणसाचं नाव कुठेच नव्हतं. शिवाय गोरा म्हणजे कोण, हे कायद्याने सांगितलेलंच नव्हतं! ते समोर बसलेल्या न्यायाधीशाने ठरवायचं. भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याला १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने गोरा मानलं. पंडितांनाही मानलं. दुसऱ्या गावात तोच वर्ण, तोच अर्ज, आणि उत्तर नाही.

मग भगतसिंग थिंद या भारतीयाच्या नागरिकत्वाचा खटला सुप्रीम कोर्टात पोचला. थिंद यांच्या बाजूने जे वकील उभे होते त्यांत पंडित एक. लॉस एंजेलिसमधल्या सुमारे पाच वर्षांच्या वकिलीनंतर थेट वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च कोर्टात, आणि तेही स्वतःच्याच प्रश्नावर. कारण थिंद हरले असते तर पुढचा नंबर खुद्द पंडितांचा होता.

थिंद हरले. १९ फेब्रुवारी १९२३. त्याच्या तीनच महिने आधी याच कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही ते नाही. थिंद म्हणाले, त्या वेळच्या वंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. त्यावर कोर्टाचं उत्तर आलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो तुम्ही नाही. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आलेले. दारातून आत आलेल्याच माणसाने दार लावलं, हे मला आजही वाचवत नाही.

निकाल लागताच सरकारने आधी दिलेली नागरिकत्वं परत घ्यायचा सपाटा लावला. एकामागून एक दावे. पंडितांवरही दावा आला: तुम्ही गोरे नाही, म्हणून १९१४ चं नागरिकत्व बेकायदा, ते रद्द करा.

आता त्यांची अवस्था डोळ्यासमोर आणा. सर्वोच्च कोर्टाचा ताजा, एकमुखी निकाल विरोधात. तो खटला हरलेले वकील तुम्हीच. कागद गेला की सनद गेली. घर-जमिनीवर गदा, कारण नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाला जमीन घेऊ न देणारा कायदा कॅलिफोर्नियात होता. बायकोचंही नागरिकत्व जायची भीती, कारण अशा अपात्र माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईला तेव्हाचा कायदा ती शिक्षा देत होता. आणि ब्रिटिश प्रजाजनत्व तर १९१४ मध्ये शपथेवर सोडलेलं. म्हणजे कुठल्याच देशाचे नाही.

पंडितांनी आपला सगळा बचाव एका साध्या गोष्टीवर उभा केला. १९१४ मध्ये माझ्या अर्जाची सुनावणी झाली. सरकारला त्याची माहिती होती. मी कोण, कुठला, हे सगळं कोर्टापुढे उघड होतं. कोर्टाने निकाल दिला. सरकारने अपील केलं नाही. त्या निकालावर भरवसा ठेवून मी माझं जुनं राष्ट्रीयत्व सोडलं, सनद घेतली, लग्न केलं, घर केलं. एकही नवी गोष्ट समोर आलेली नसताना नऊ वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही.

खालच्या कोर्टाने हे मान्य केलं. १९२६ मध्ये नवव्या सर्किटने ते कायम केलं. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर बाकीच्या भारतीयांवरचे उरलेले दावे सरकारने सोडून दिले. पंडित लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत राहिले.

इथे परदेशात वकिली करणारे, करू पाहणारे बरेच जण आहेत. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

---

साधी_वाचक

यातलं काहीच माहीत नव्हतं. थिंद यांचं पुढे काय झालं? ते सैन्यात होते असं कुठेतरी वाचलंय.

---

वकीलपत्र

हो, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात, कॅम्प लुईसला. पगडी घालूनच. डिसेंबर १९१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. मग ओरेगनमध्ये पुन्हा अर्ज, तिथल्या न्यायाधीशांनी १९२० मध्ये दिलं, त्यावर सरकार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी पुढे वेगळा कायदा झाला तेव्हा १९३६ मध्ये न्यूयॉर्कमधून त्यांना तिसऱ्यांदा मिळालं. ते टिकलं.

---

वाईचा_घाट

ताई, सातारा जिल्ह्यात पस्तीस वर्षं दिवाणी काम केलं, आता मुलगा बघतो. तुमचं लिखाण दोनदा वाचलं.

एक बोलतो. पंडित तांत्रिक मुद्द्यावर सुटले असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू देऊ नका. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११ आहे, पूर्वन्याय. आम्ही रेस ज्युडिकाटाच म्हणतो. माझ्याकडे एक म्हातारी यायची. भावकीने तिच्यावर बांधाचा दावा घातला होता, तो तिने जिंकला. बारा वर्षांनी पुतण्याने तोच दावा नवीन नावाने लावला. तिने लुगड्याच्या घडीतून जुना हुकूमनामा काढून माझ्या टेबलावर ठेवला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. "यकदा झालंया न्हवं?" एवढंच म्हणाली. कलम ११ मला कॉलेजात शिकवलं होतं, समजलं त्या दिवशी. गरिबाला, परक्याला, एकट्या बाईला कोर्टाचा उपयोग तेवढाच असतो की एकदा लागलेला निकाल तसाच राहील. बलदंड पक्षाला दहा वेळा यायला परवडतं. दुबळ्याला नाही.

सरकारसारखा पक्षकार समोर असताना या गृहस्थांनी तो मुद्दा ओळखला. वंशाचा वाद पुन्हा घातला असता तर हमखास हरले असते. थिंदच्या खटल्यातून ते शिकले.

---

वकीलपत्र

काका, "यकदा झालंया न्हवं?" हे मी लिहून ठेवलं. नवव्या सर्किटचा अख्खा निकाल त्यात आला.

एक मात्र खुपतं. हा निकाल सगळ्यांना वेळेवर मिळाला नाही. वैष्णोदास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवत. १९१५ मध्ये बायको काला आणि तीन मुलांना घेऊन आले होते, १९२१ मध्ये नागरिक झाले. थिंद निकालानंतर तेही गेलं. भारतात जाऊन यायला पासपोर्ट मागितला तर सांगितलं, ब्रिटिश पासपोर्ट काढा. ज्या सत्तेला कंटाळून आले तिच्याचकडे परत जायला सांगितलं त्यांना. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. वर्तमानपत्राला पत्र लिहून ठेवलं होतं. बर्कलीत आता एका रस्त्याला कालाबाईंचं नाव आहे. त्याच बर्कलीत त्यांना शेजाऱ्यांनी घरात शिरू दिलं नव्हतं.

---

नागनदी

लेख चांगला आहे, पण एक बाजू तुम्ही टाळली आहे आणि ती महत्त्वाची आहे.

थिंद यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला तो वाचा. आम्ही उच्चजातीय, आर्य, आमचं रक्त शुद्ध, कारण आम्ही खालच्या जातींत लग्न करत नाही. आणि पुढे असंही की अमेरिकन गोरा लग्नसंबंधाच्या बाबतीत काळ्या माणसाकडे जसा बघतो, तसंच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे बघतो. जातिभेद हा गोरेपणाचा पुरावा म्हणून कोर्टात ठेवला गेला! म्हणजे भेदभावाविरुद्ध लढायचं ते दुसऱ्या कुणाला तरी खाली दाखवून.

त्याच काळात बाबासाहेब कोलंबियात होते, १९१३ ते १९१६. पुढे १९२२ मध्ये लंडनला ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. थिंद निकालाचंच वर्ष. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आणि १९१७ मध्ये परत आल्यावर बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. एकाला परदेशात रंगामुळे दार बंद, दुसऱ्याला स्वतःच्या देशात जातीमुळे. 'परदेशातला भेदभाव' म्हणताना हे दोन्ही एकत्र ठेवून बोलायला हवं.

---

वकीलपत्र

तुमचं बरोबर आहे. मी ते टाळलं, आणि का टाळलं हेही सांगते. पंडितांबद्दल मला इतकी ओढ वाटते की तो भाग आला की मी पान उलटते. तसं करायला नको होतं.

'गोरा' या चौकटीतच लढायचं ठरलं की असलाच युक्तिवाद सुचतो, हे खरं. कायद्याने दुसरी वाट ठेवली नव्हती, हेही खरं. पण जातीची भाषा तिथे कायद्याने आणली नाही, ती आपल्या लोकांनी भारतातून आणली. आणि तिचा उपयोगही झाला नाही. कोर्टाने सांगितलं की भारतात वंशांची सरमिसळ झालेलीच आहे. १९२३ आणि १९२६ हे दोन खटले शेजारी ठेवले की मला फरक हाच दिसतो. पहिल्यात आम्ही तुमच्यासारखे आहोत असं म्हणायला गेले. दुसऱ्यात तुम्ही आम्हाला शब्द दिलाय म्हणाले. दुसऱ्या वेळी कुणाला खाली ढकलावं लागलं नाही.

---

नागनदी

हे पटलं. मूळ लेखात घाला म्हणजे झालं. नुसता लेख वाचून जाणाऱ्यालाही कळेल.

---

बर्फाळ_सकाळ

मी टोरांटोत. पुण्यात सात वर्षं वकिली करून आले, त्यातली चार हायकोर्टात येऊन-जाऊन. इथे आल्यावर आधी परदेशी पदवीची तपासणी, मग कॅनडाच्या घटनेपासून व्यावसायिक नीतीपर्यंतचे पेपर. ते सगळं झालं. अभ्यासाची भीती आपल्याला नसतेच. अडलं ते आर्टिकलिंगला, म्हणजे इथल्या उमेदवारीला.

शंभराच्या वर अर्ज केले. तीन ठिकाणी बोलावलं. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझं आडनाव वाचायचा प्रयत्न अर्ध्यात सोडला आणि हसून विचारलं, "तुम्हाला हाक मारायला काही सोपं आहे का?" मी "आहे" म्हणाले आणि तिथल्या तिथे एक तीन अक्षरी नाव बनवून दिलं. बाहेर पडले. मेट्रोच्या जिन्यात उभी राहून नवऱ्याला फोन लावला आणि काय झालं ते सांगताच येईना. नोकरी मिळाली नाही, पण ते नाव मात्र दोन वर्षं माझ्या अर्जावर राहिलं.

शेवटी एका छोट्या फर्ममध्ये उमेदवारी मिळाली, एका तमिळ बाईंकडे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या दाराची पाटी करायला दिली, पूर्ण नाव, आडनावासकट. मला न विचारता.

ब्रिटिश कोलंबियातल्या आपल्या लोकांची गोष्ट मला इथे आल्यावर कळली. तिथे १९०७ मध्ये भारतीयांचा मताधिकार काढून घेतला, तो १९४७ पर्यंत परत दिला नाही. आणि मतदार यादीत बसत नसाल तर वकिलीही करता येत नसे. चाळीस वर्षं! तिथे जन्मलेल्या मुलांनासुद्धा. त्यानंतरही नागरिकत्वाची अट होतीच, ती अँड्र्यूज खटल्यात १९८९ मध्ये गेली. तो लढणारा इंग्रज होता. त्याच्या निकालावर आज माझ्यासारख्या किती जणी सनद घेऊन बसल्या आहेत.

---

वकीलपत्र

आमच्याकडचा असाच निकाल ग्रिफिथ्स, १९७३. डच बाई, कनेटिकटने फक्त नागरिक नाही म्हणून परीक्षेला बसू दिलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने ती अट घटनाबाह्य ठरवली. कॅलिफोर्नियातली अट त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. पंडितांनी जे सगळं एका कागदावर तोलून धरलं होतं, त्याची गरज संपायला पन्नास वर्षं लागली.

काहींना मेल्यावर न्याय मिळाला. ताकुजी यामाशिता १९०२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातून कायदा शिकले, बारची परीक्षा पास झाले, आणि जपानी असल्यामुळे सनद नाकारली. २००१ मध्ये मरणोत्तर दिली. हाँग येन चँग यांना कॅलिफोर्नियाने १८९० मध्ये नाकारलं आणि २०१५ मध्ये मरणोत्तर दाखल करून घेतलं.

पाटीचं वाचून घशाशी आलं.

---

थेम्सवरून

लंडनहून. गांधीजींचं अजून कुणी काढलं नाही म्हणून थोडक्यात. रेल्वेच्या डब्यातून उतरवलं ते सगळ्यांना पाठ आहे. पण १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या सुप्रीम कोर्टात वकील म्हणून दाखल व्हायला गेले तेव्हा तिथल्या लॉ सोसायटीने विरोध केला, हे फारसं बोललं जात नाही. कोर्टाने तो विरोध फेटाळला, आणि लगेच पगडी उतरवायला सांगितली. त्यांनी उतरवली. मोठ्या लढ्यासाठी ताकद राखून ठेवली असं त्यांचं म्हणणं. बेलिफच्या खुर्चीचा प्रसंग वाचताना तेच आठवलं. प्रत्येक ठिकाणी भांडायचं की पुढचा मुद्दा मांडायचा, हे दर वेळी उभ्या-उभ्या ठरवावं लागतं.

आणि नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६, डेक्कन कॉलेजात शिकल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या बाई. पण बार बायकांना खुला झाला तो १९१९ च्या कायद्याने, त्यामुळे बॅरिस्टर व्हायला त्यांना तीस वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात बसून राहिल्या नाहीत. संस्थानांतल्या आणि जमीनदारांच्या घरांतल्या पडदानशीन बायकांच्या इस्टेटीची कामं त्यांनी केली. त्या बायकांपर्यंत पुरुष वकील पोचूच शकत नव्हता.

---

गोदाकाठ_२००१

मी नाशिकचीच! कॉर्नेलिया सोराबजी आमच्या गावच्या हे आज कळलं, लॉ कॉलेजच्या पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही.

ताई, एक विचारू? घरातली मी पहिलीच वकील. सनदेचा अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात मिळेल. लग्न ठरलंय, मुलगा सॅन होजेला असतो. सगळे म्हणतात तिकडे गेल्यावर वकिली विसर, काहीतरी कोर्स कर. खरंच काही होऊ शकत नाही का?

---

वकीलपत्र

होऊ शकतं, आणि कॅलिफोर्निया त्यातल्या त्यात बरं राज्य आहे. भारतात सनद असलेल्या वकिलाला इथे पुन्हा कायद्याची पदवी न घेता बारच्या परीक्षेला बसता येतं. नुसती पदवी असेल आणि सनद नसेल तर इथे वर्षभर शिकावं लागतं. म्हणून सनद घेतल्याशिवाय विमानात बसू नकोस. मग एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा, देऊन टाक, ते राहिलं तर सनद अर्धवटच राहते. इथे मुख्य परीक्षेशिवाय व्यावसायिक नीतीचा वेगळा पेपर असतो, आणि चारित्र्य पडताळणी असते. ती महिनोन्महिने चालते, तेव्हा तिचा अर्ज परीक्षेची वाट न बघता भर.

मी पहिल्यांदा नापास झाले होते. निबंधाचे पेपर आपल्या सवयीपेक्षा वेगळे असतात. आपण कायदा सांगतो, त्यांना तो दिलेल्या हकिकतीला लावून दाखवलेला हवा असतो. दुसऱ्या वेळी रोज सकाळी एक उत्तर घड्याळ लावून लिहिलं.

---

वाईचा_घाट

पोरी, निघण्याआधी दोन महिने जिल्हा कोर्टात कुणाच्या तरी मागे उभी राहा. कुणी पैसे देणार नाही. वकीलपत्र कसं दाखल करतात, क्लार्कशी कसं बोलतात, तारीख कशी मागतात ते बघ. ते जगात कुठेही लागतं.

---

गोदाकाठ_२००१

सोमवारपासून जाते काका. आमच्या शेजारी एक वकीलकाका आहेत, त्यांना आजच विचारलं, ये म्हणाले.

ताई, लग्नानंतर नाव बदलायचं म्हणताहेत सासरचे. सनदेवर माहेरचं नाव असेल. चालेल?

---

वकीलपत्र

सनद, पासपोर्ट, पदवी, तिन्हीवर एकच नाव ठेव. बदलायचं असेल तर आधी राजपत्रात छापून घे आणि बार कौन्सिलकडे नोंद करून घे, मगच इथला अर्ज भर. नाहीतर चारित्र्य पडताळणीत दोन वेगळ्या बायका समजून फाइल अडकते. माझी चार महिने अडकली होती. आणि बदलायचं नसेल तर तसं आत्ताच सांग, लग्नाआधी. अर्जावर जे नाव लिहिशील तेच कोर्टात पुकारलं जाणार आहे.